खिशांत मावणारा कॅमेरा

इ. स. १८३५ च्या सप्टेंबर महिन्यांत कॉन्स्टन्स टॅल्बट या इंग्रज बाईंनीं आपल्या पतीस पाठविलेल्या पत्रांत एक विचारणा आहे. वेल्सला जातांना आपले उंदरांचे सांपळे बरोबर नेणार काय? नेल्यास तिकडचे कांहीं देखावे घरीं आणतां येतील. सांपळ्यांतून देखावे आणण्याची ही भाषा तिऱ्हाइतास वेडगळ वाटली असती; परंतु ज्यांना ती लिहिली होती त्यांना तिचा अर्थ पक्का ठाऊक होता. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हे विल्टशायरमधील लॅकॉक ॲबी नांवाच्या जुन्या वाड्यांत राहणारे सधन व विद्वान् गृहस्थ. त्यांनीं दोन-तीन इंच लांबीरुंदीच्या लांकडी पेट्या करविल्या होत्या. पेटीच्या पुढल्या अंगास एक लहानसें भिंग आणि आंत मागल्या अंगास मिठाच्या पाण्याचा व चांदीच्या क्षाराचा हात दिलेला कागद, एवढीच काय ती सामग्री. उन्हाळ्याच्या लख्ख दिवशीं ते या पेट्या वाड्याभोंवतीं ठिकठिकाणीं मांडून ठेवीत आणि अर्ध्या तासानें गोळा करून आणीत. प्रत्येक पेटींत समोरच्या वस्तूचें चिमुकलें चित्र उमटलेलें असे. जागोजागीं पडलेल्या त्या पेट्यांना घरच्या बाईंनीं सांपळे म्हटलें, यांत त्यांचा काय दोष!

त्याच वर्षीच्या ऑगस्टांत टॅल्बट यांनीं वाड्याच्या एका जाळीदार खिडकीचें चित्र घेतलें. तें अद्याप शिल्लक आहे. त्याचा आकार टपालाच्या तिकिटाएवढा. चित्र नवें असतांना खिडकीचीं सुमारें २०० तावदानें भिंगाच्या साहाय्यानें मोजतां येत, अशी त्यांची स्वतःची नोंद आहे. आज उपलब्ध असलेल्या निगेटिव्हांत ही सर्वांत जुनी मानली जाते, आणि तिचा विषय कोणता, तर घरांतली रोजची खिडकी.

टॅल्बट यांची पेटी लहान कां होती हें समजून घेण्यासारखें आहे. कॅमेऱ्याचें भिंग समोरचा प्रकाश गोळा करून आंतल्या पृष्ठभागावर टाकतें. पेटी लांब असली म्हणजे तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरून विरळ होतो. आंखूड असली म्हणजे थोड्या जागेवर एकवटतो व कागद लवकर काळा पडतो. त्यामुळें मोठ्या पेटीला जेथें तास-दोन तास लागत, तेथें सांपळ्याचें काम अर्ध्या तासांत उरके. हा लहानपणाचा लाभ. तोटाही त्याच कागदावर दिसत होता. तिकिटाएवढ्या जागेंत तपशील तो किती मावणार? पृष्ठभाग लहान, म्हणून गोळा झालेला एकूण प्रकाश थोडा, आणि म्हणून साठविलेलें ज्ञानही थोडें. पुढें कागदाच्या जागीं कांच आली, कांचेच्या जागीं फिल्म आली, फिल्मच्या जागीं सिलिकनचा तुकडा आला; परंतु हा हिशेब चुकविणें कोणासही साधलें नाहीं. रोजच्या वापरासाठीं लहान कॅमेरा निवडणें म्हणजे काय सोडावयाचें तें ठरविणें होय, आणि या यंत्राचा इतिहास हा बव्हंशीं कोणीं काय सोडलें याचा इतिहास आहे.

टॅल्बट यांच्यानंतरचीं पन्नास वर्षें मात्र मोठ्या पेट्यांचीं गेलीं. १९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिसमध्यें लुई दागेर यांची चांदीच्या पत्र्यावर चित्र उमटविण्याची कृति जाहीर झाली. तिच्यासाठीं विकावयास निघालेला संपूर्ण संच सुमारें ५० किलोग्रॅम वजनाचा असून त्याची किंमत ४०० फ्रँक होती. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांची ओल्या कांचेची पद्धति आली. तींत चित्रें अतिशय रेखीव येत. परंतु कांचेवर रसायन ओतावयाचें, तें ओलें आहे तोंवरच चित्र घ्यावयाचें आणि तें वाळण्यापूर्वीं धुवावयाचें, असा एकच धांवपळीचा खेळ असे. बाहेरगांवीं जावयाचें तर तंबू, बाटल्या, कांचा आणि पाणी असा संसार बरोबर न्यावा लागे. आपल्याकडे मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती याच काळांत, १८५४ सालीं, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींतील एक. मुंबईच्या उन्हाळ्यांत ओली कांच किती वेळ ओली राहत असेल याची कल्पना केली म्हणजे त्या मंडळींच्या चिकाटीचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. पण अशा अवजारांनीं रोजचें आयुष्य टिपतां येत नव्हतें. माणसें चित्रासाठीं सजून, श्वास रोधून बसत. त्या काळच्या चित्रांतून आपले पणजोबा सदैव गंभीर दिसतात, तो सारा स्वभावाचा दोष नव्हे.

१८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें सरसासारख्या जिलेटिनाचा थर असलेल्या कोरड्या कांचेची कृति प्रसिद्ध केली आणि ओलाव्याची कटकट मिटण्याचा मार्ग मोकळा झाला. कांच मात्र उरलीच. ती घालविली अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवच्या एका बँकेंतील कारकुनानें. जॉर्ज ईस्टमन यानें १८७७ सालीं सांतो दोमिंगो बेटाकडे जाण्याचा बेत केला होता व त्या प्रवासासाठीं छायाचित्रणाचें सामान खरेदी केलें होतें. सामान पाहून तो थक्क झाला. प्रवास राहून गेला, पण त्या ओझ्यावर तोड काढण्याचा ध्यास लागला तो कायमचा. ११ वर्षांनीं, १८८८ सालीं, त्यानें 'कोडॅक' नांवाची पेटी बाजारांत आणली. त्या नांवास कोणत्याही भाषेंत अर्थ नाहीं; ईस्टमनला 'के' हें अक्षर ठसठशीत वाटे, इतकेंच त्याचें कारण.

या पेटीचा विचार थोडा सावकाश केला पाहिजे. तिची किंमत २५ डॉलर होती. आंत १०० चित्रांची गुंडाळी भरलेलीच मिळे. दोरी ओढून झडप चढवावयाची, कळ दाबावयाची आणि किल्ली फिरवून फिल्म पुढें सरकवावयाची, एवढेंच मालकाचें काम. शंभर चित्रें संपलीं म्हणजे अख्खी पेटी १० डॉलरांसह रॉचेस्टरला पाठवावी. तेथें चित्रें धुऊन, छापून, पेटींत नवी गुंडाळी भरून सर्व परत येई. आतां ईस्टमननें काय काय सोडलें तें पाहावें. भिंग एकच व जागचें न हलणारें. झडपेची गति एकच. पाहण्यासाठीं खिडकी नाहीं; पेटीच्या माथ्यावर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या दोन रेघा काढलेल्या, त्यांच्या अनुरोधानें अंदाजानें नेम धरावयाचा. चित्रें येत तीं अडीच इंच व्यासाचीं वाटोळीं, कारण भिंगाच्या कडेचें काम इतकें कच्चें होतें कीं चौकोनाचे कोंपरे झांकून टाकणेंच शहाणपणाचें. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे मालकाची कारागिरीच काढून घेतली होती. रसायनांनीं बोटें काळीं करून घेणाऱ्या जुन्या हौशी मंडळींना हा प्रकार पोरखेळ वाटला. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. परंतु त्या वाटोळ्या चित्रांतून प्रथमच माणसें पळतांना, हंसतांना, पाण्यांत पाय सोडून बसलेलीं दिसूं लागलीं. कोपरा गेला आणि चेहऱ्यावरचा ताठा गेला.

याची दुसरी बाजूही लवकरच दिसली. पूर्वीं चित्र घ्यावयाचें तर समोरच्याची संमति लागे, नव्हे, त्याचें साहाय्यच लागे. कांहीं सेकंद न हलण्याचें काम त्याला करावें लागे. आतां न विचारतां चित्र घेतां येऊं लागलें. १८९० च्या डिसेंबरांत सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत खासगी जीवनाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यांत झटपट घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांचा उल्लेख तक्रारीच्या स्वरांत आला आहे. पुढें अमेरिकेच्या कायद्यांत या हक्काची जी चर्चा झाली ती पुष्कळ अंशीं या लेखापासून सुरू होते. एका लांकडी पेटीच्या पोटीं असें अपत्य जन्मास यावें ही मोठीच गंमत!

फेब्रुवारी १९०० मध्यें ईस्टमनच्या कंपनीनें 'ब्राउनी' काढला. जाड पुठ्ठ्याची ती पेटी मुलांसाठीं योजिली होती. किंमत १ डॉलर, सहा चित्रांची फिल्म १५ सेंटला. मुलांनीं ती घेतली आणि मुलांच्या हातून ती आईबापांनीं घेतली. १९१२ सालीं त्याहून निराळा असा घडीचा 'व्हेस्ट पॉकेट कोडॅक' निघाला. तो मिटला म्हणजे जाकिटाच्या खिशांत बसे. पहिल्या महायुद्धांत इंग्रज शिपाई तो खंदकांत घेऊन गेले, आणि १९१५ सालीं लष्करानें सैनिकांना कॅमेरे बाळगण्यास मनाई केली तरी पुष्कळांच्या खिशांतून तो हलला नाहीं. याच जातीचा एक कॅमेरा हॉवर्ड सॉमरव्हेल यांनीं जून १९२४ मध्यें जॉर्ज मॅलरी यांना उसना दिला. सॉमरव्हेल हे त्रावणकोरांतील नेय्यूर येथील मिशन रुग्णालयांत पुढें अनेक वर्षें शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. मॅलरी व अर्व्हिन हे दोघे एव्हरेस्टच्या माथ्याकडे निघाले ते परत आले नाहींत. ते माथ्यावर पोंचले कीं नाहीं याचा पुरावा असलाच तर त्या लहानशा कॅमेऱ्यांत असेल, अशी गिर्यारोहकांची आशा. १९९९ सालीं मॅलरींचा देह सांपडला. त्याजवळ कॅमेरा नव्हता. २०२४ सालीं अर्व्हिन यांच्या पायाचा अवशेष बर्फांत मिळाला. कॅमेरा तेथेंही नव्हता.

ईस्टमनच्या पेट्यांचा एक दोष राहिलाच. त्यांचीं चित्रें निगेटिव्हच्याच आकाराचीं छापलीं जात. मोठीं केलीं तर फिसकटत. पेटी लहान आणि चित्र मोठें, हें कोणाच्या ध्यानीं आलें तो मनुष्य जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यांत काम करीत असे. ऑस्कर बारनॅक यास दम्याची व्यथा होती. रविवारच्या रपेटींत कांचांचा जड कॅमेरा उचलून डोंगर चढणें त्याच्यानें होईना. चलच्चित्रपटाची फिल्म कारखान्यांत हाताशीं होतीच. तिच्यावरील १८ बाय २४ मिलिमीटरचीं दोन चित्रें एकत्र करून त्यानें २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट ठरविली आणि तिच्याभोंवतीं धातूची चपटी डबी बनविली. पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तयार झाला. नंतर युद्ध आलें आणि काम रेंगाळलें. १९२४ सालीं तो बाजारांत आणावा कीं नाहीं याचा खल झाला तेव्हां जाणत्या मंडळींचें मत प्रतिकूल होतें. जर्मनींत चलनाची नुकतीच धूळधाण झालेली, बेकारी डोक्यावर. अशा वेळीं हें खेळणें घेणार कोण? धाकट्या एर्न्स्ट लाइट्झ यांनीं सर्वांचें ऐकून घेतलें आणि धोका पत्करण्याचा निर्णय दिला. १९२५ च्या वसंतांत लाइपझिगच्या जत्रेंत 'लायका' मांडला गेला.

बारनॅक यानें मोठा पृष्ठभाग सोडला, पण त्याची भरपाई दुसरीकडून केली. मॅक्स बेरेक या गणितज्ञानें त्यासाठीं असें भिंग आंखून दिलें कीं लहान चौकटींतील प्रत्येक रेघ मोठें करण्याच्या कामीं टिकावी. निगेटिव्ह लहान, तर भिंग अधिक अचूक पाहिजे, यंत्राचें काम अधिक नेमकें पाहिजे, हातही अधिक स्थिर पाहिजे. किंमत अर्थात् वाढली. पुठ्ठ्याची पेटी शाळकरी पोराची होती. लायका ज्याला परवडे त्याचा. आजही दुकानांतील दोन लहान कॅमेऱ्यांच्या किंमतींत आकाश-पाताळाचें अंतर दिसतें तें याच दोन घराण्यांमुळें. एक ईस्टमनचें, जें सोडून देतें. दुसरें बारनॅकचें, जें भरपाई करतें आणि तिचे दाम घेतें.

लहान कॅमेरा रोज हाताशीं असल्यानें काय घडतें याचें एक उदाहरण आपल्या वर्ध्याजवळ, सेवाग्राम आश्रमांत, घडलें. कनु गांधी हे महात्माजींच्या पुतण्याचे चिरंजीव. आश्रमांत लहानसहान कामें करणाऱ्या या तरुणास छायाचित्रें घेण्याची इच्छा झाली. घनश्यामदास बिर्ला यांनीं १०० रुपये दिले आणि त्यांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथें १९२९ पासून तयार होणारा हा कॅमेरा खिशांतला नव्हे. गळ्यांत अडकवून, मान खालीं घालून, वरच्या दुधी कांचेंत पाहून चित्र घ्यावयाचा. पण तो हातांतला होता, आवाज जवळजवळ न करणारा होता. गांधीजींनीं अटी घातल्या तीन: कृत्रिम प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाहीं, आपण चित्रासाठीं बसणार नाहीं आणि आश्रम याचा खर्च देणार नाहीं.

या तीन अटी वाचल्या म्हणजे कॅमेरा निवडण्याचा सबंध प्रश्न त्यांत आला असें वाटतें. झोत नाहीं म्हणजे मातीच्या भिंतींच्या झोंपडींत जेवढा उजेड येईल तेवढ्यावर भागविणें. भिंग प्रकाशाला सढळ पाहिजे, आणि तरीही कांहीं चित्रें काळोखीं वा हललेलीं निघावयाचींच. बसणार नाहीं म्हणजे क्षण आपण शोधावयाचा. खर्च नाहीं म्हणजे एका गुंडाळींत बारा चित्रें, तीं जपून वापरावयाचीं. १९३८ पासून १९४८ पर्यंत कनु गांधींनीं हें व्रत चालविलें. त्यांच्या चित्रांतील गांधीजी लिहितांना, चालतांना, वजन करून घेतांना, पाठमोरे, विचारांत बुडालेले असे आहेत. पुष्कळदां चौकटींत कोणाचा तरी खांदा आडवा आलेला. बाहेरून आलेल्या नामांकित छायाचित्रकारांजवळ उत्तम यंत्रें होतीं, पण ते दिवसभर तेथें नव्हते. ३० जानेवारी १९४८ या दिवशीं मात्र कनु गांधी दिल्लींत नव्हते; ते नोआखालींत होते. त्या दिवशीं मृत्यूच्या कांहीं वेळापूर्वीं गांधीजींना भेटून गेला तो आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार, आणि त्याच्या हातांत लायका होता.

युद्धानंतर लहान कॅमेऱ्याचें माहेर जर्मनींतून जपानांत गेलें. ऑलिंपस कंपनींत १९५६ सालीं दाखल झालेल्या योशिहिसा मैतानी या तरुण यंत्रज्ञास वाटलें कीं ६,००० येनांत मिळेल असा कॅमेरा काढावा. त्याचा स्वतःचा कॅमेरा लायका होता, त्यामुळें भिंगाच्या बाबतींत तडजोड त्याला रुचेना. भिंगावरच बहुतेक सारी ठरलेली रक्कम संपली. मग त्यानें बाकीच्या प्रत्येक भागांतून खर्च काढला आणि शेवटीं फिल्मची चौकटच अर्धी केली. म्हणजे ३६ चित्रांच्या गुंडाळींत ७२ चित्रें. कारखान्याच्या व्यवस्थापकानें असलें खेळणें बनविण्यास नकार दिला, तेव्हां तें बाहेरून करवून घ्यावें लागलें. १९५९ च्या ऑक्टोबरांत हा 'पेन' बाजारांत आला व तुफान खपला. लाइपझिगपासून तोक्योपर्यंत लहान कॅमेऱ्याला जाणत्यांनीं प्रथम खेळणेंच म्हणावें असा जणूं संकेत दिसतो. आपल्याकडे त्या पिढींत पुष्कळ घरांतून जो कॅमेरा आला तो बडोद्यास तयार होणारा 'आग्फा क्लिक थ्री'. बारा चौकोनी चित्रें, उन्हासाठीं एक खूण, ढगांसाठीं दुसरी. लग्नें, मुंजी, माथेरानच्या सहली, कॉलेजांतल्या मित्रांचे घोळके यांचीं कित्येक चित्रें आज कपाटांतील आल्बमांत आहेत तीं त्याच्या भिंगांतून आलेलीं.

फिल्म जाण्याची सुरुवात झाली तीही रॉचेस्टरलाच. १९७५ च्या डिसेंबरांत ईस्टमनच्याच कंपनींत स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारा सिलिकनचा तुकडा घेऊन एक यंत्र जुळविलें. त्याचें वजन साडेतीन किलोग्रॅमांहून अधिक. चित्रांत १०,००० बिंदु. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद. कंपनीचा पैसा फिल्म विकून येत होता. त्या यंत्राकडे वरिष्ठांनीं कौतुकानें पाहिलें आणि पुढें फारसें कांहीं केलें नाहीं. सामान्य माणसाच्या हातीं ही विद्या आली ती १९९५ सालीं, कॅसिओ कंपनीच्या 'क्यूव्ही-१०' या कॅमेऱ्यानें. चित्र असे जेमतेम ३२० बाय २४० बिंदूंचें, म्हणजे फिल्मच्या मानानें अगदीं गरीब. परंतु पाठीमागें पावणेदोन इंचांचा पडदा होता आणि घेतलेलें चित्र त्यावर तत्काळ दिसे. धुलाईची वाट पाहणें, तीन-चार दिवसांनीं दुकानांतून लखोटा आणून दिव्याखालीं उघडणें, हें सर्व त्या पडद्यानें संपविलें. त्या लखोट्यांत एक गोडी होती हें खरें. पण अर्धीं चित्रें वायां गेलेलीं असत हेंही तितकेंच खरें.

पुढील १५ वर्षांत या डबीसारख्या कॅमेऱ्यांनीं जग व्यापलें. २००० सालीं बिंदूंची संख्या २० लाख होती, ती वर्षाला वाढत चालली, आणि दुकानदार कोटीचे आंकडे सांगूं लागले. हा हिशेब फसवा होता. बहुतेक लहान कॅमेऱ्यांतील संवेदक, म्हणजे तो सिलिकनचा तुकडा, सुमारें ६ बाय ४॥ मिलिमीटर एवढाच असे. त्याचें क्षेत्रफळ बारनॅकच्या चौकटीच्या सुमारें तिसाव्या हिश्शाचें. तेवढ्याच जमिनींत अधिक भाडेकरू कोंबले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला उजेड कमी येणार. भर दुपारीं चित्र चांगलें, आणि संध्याकाळीं दिवाणखान्यांत, वाढदिवसाच्या दिव्यांत, चेहऱ्यांवर रांगोळी सांडल्यासारखे रंगीत कण. यंत्र तो दोष पुसावयास जाई आणि त्याबरोबर केंस, भुंवया, साडीचा पोतही पुसून टाकी. २००८ सालच्या कॅनन 'जी-१०' मध्यें १ कोटी ४७ लाख बिंदु होते. दुसऱ्याच वर्षीं त्याच कंपनीनें 'जी-११' काढला त्यांत संवेदक तेवढाच ठेवून बिंदु १ कोटीवर आणले. आंकडा कमी करून माल विकण्याचें हें धैर्य व्यापारांत विरळा, आणि तें ग्राहकांना पटलेंही.

तोंवर दूरध्वनींत कॅमेरा आला होता. जपानी उद्योगसंघटनेच्या नोंदींप्रमाणें २०१० सालीं जगांत १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांतले बहुतेक लहान. २०२३ सालीं सर्व प्रकारचे मिळून सुमारें ७७ लाख, आणि त्यांत न बदलत्या भिंगाचे अवघे १७ लाख. दूरध्वनींतील संवेदक लहान, भिंग मसुराएवढें. परंतु तो एका कळींत अनेक चित्रें घेऊन तीं गणितानें एकत्र करतो आणि उजेडाची उणीव झांकतो. सोडलें तें काय? जें होतें तें आणि यंत्रानें ठरविलें तें, यांतील रेघ. शिवाय कॅमेरा हातांत घेतला कीं निरोप, बातमी आणि बिलें हींही हातांत येतात.

लहान कॅमेरा उरला तो बारनॅकच्या घराण्याचा. २०१२ सालीं सोनी कंपनीनें 'आरएक्स-१००' काढला. १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा संवेदक, म्हणजे नेहमींच्या चौपट क्षेत्रफळ. भिंग जवळ-दूर होणारें. वजन २४० ग्रॅम. तो सदऱ्याच्या खिशांत कसाबसा मावे. ज्याला लग्नांत व्यासपीठावरचे चेहरे जवळ आणावयाचे आहेत, प्रवासांत एकच यंत्र पुरवावयाचें आहे, त्याची सोय या जातींत झाली. दुसरी जात रिकोह कंपनीच्या 'जीआर' ची. तिचा उगम १९९६ सालच्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत आहे. २०१९ सालीं निघालेल्या 'जीआर थ्री' मध्यें संवेदक आरएक्स-१०० च्या तिप्पट मोठा आणि वजन मात्र २५७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तितकेंच. कळ दाबल्यापासून सेकंदाच्या आंत तो तयार होई. भाजीबाजारांत, आगगाडीच्या डब्यांत, मूल दाराशीं उभें राहून मागें वळून पाहतें त्या वेळीं, या एका सेकंदाची किंमत कोटी बिंदूंहून अधिक आहे.

हें सर्व एवढ्याशा डबींत बसविण्यासाठीं त्याच्या रचनाकारांनींही सोडावयाचें तें सोडलें. भिंग जवळ-दूर होत नाहीं. जवळचें चित्र हवें तर माणसानें चालून जवळ जावें. अंगचा झोत नाहीं. बॅटरी सुमारें २०० चित्रांत संपते, तेव्हां दुसरी खिशांत ठेवावी लागते. आणि डोळा लावून पाहण्याची खिडकी त्यालाही नाहीं. भर उन्हांत पाठचा पडदा फिका पडला म्हणजे हात लांब करून अंदाजानेंच नेम धरावा लागतो, जसा १८८८ च्या पेटीवरील त्या दोन रेघांच्या अनुरोधानें धरावा लागे.